कोल्हापूरच्या उद्यमनगरात जिप्सीची गंजलेली चेसी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) दुरुस्त करून घेतली, त्याचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, बाकीचं ज्याला वाचायचंय त्याने सावकाश वाचा. पाचपैकी चार. एक कापला तो वेळ आणि फोन ह्या दोन गोष्टींसाठी, कामासाठी नाही. वर्कशॉपचं नाव टाकत नाहीये कारण मालकच म्हणाले दारात आधीच गाड्या तटल्यात, अजून नकोत. पण शिवाजी उद्यमनगरात जाऊन जुन्या जीपची चेसी कोण करतं असं दोन-तीन लेथवाल्यांना विचारलंत तर सगळे एकाच गल्लीकडे बोट दाखवतील.

गाडी २००६ ची मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, सॉफ्ट टॉप, एमएच ०७. असते देवगडला, अंगणातून समुद्र दिसतो अशा ठिकाणी, आणि बागेत जायचा रस्ता म्हणजे अर्धा सडा (उघडा कातळ) आणि अर्धी तांबडी माती. एप्रिल-मे आंब्याच्या पेट्या, पावसाआधी खताच्या गोणी, मधल्या काळात जे काय असेल ते. ज्यांना वाटतं की एवढं कशाला, दुसरी घे, त्यांच्यासाठी सांगतो, जिम्नी २०२३ ला आली, चांगली गाडी आहे, चालवून बघितली, पण बारा-पंधरा लाखाच्या गाडीत शेणखत भरायला माझा हात धजणार नाही. जिप्सी १९८५ पासून होती ती कंपनीने २०१९ च्या सुमारास बंदच केली, म्हणजे नवी मिळायचा प्रश्न नाही, आणि सेकंडहँड बरी दिसणारी घ्यायला गेलं तर लोक साडेतीन-चार लाख सांगतात आणि खालून ती माझ्यापेक्षा सडलेली निघते. त्यामुळे आहे ती करायची का सोडायची, एवढाच विषय.

हे सगळं यंदाच डोक्यात यायचं कारण पासिंग. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, नंतर दर पाच वर्षांनी रिन्यू करायचं. माझं २०२१ ला एकदा झालं, आता परत आलं. चारचाकीची रिन्युअल फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० ची ५,००० झाली होती, मग ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० केली, वर जीएसटी, वर पर्यावरण कर, नवी नंबर प्लेट, इन्शुरन्स. माझी नेमकी विशीच्या उंबरठ्यावर. एवढे पैसे भरायचे तर गाडी पुढची पाच वर्षं उभी राहणार का हे आधी कळायला नको? इंजिनचं मला टेन्शन नाही, १.३ लिटरचं ते इंजिन कुठलाही मिस्त्री झाडाखाली उघडून परत बसवतो. पण चेसी गेली तर गाडी गेली. जिप्सीत सगळं त्या चेसीवरच बसलेलं आहे, दोन लांब बीम आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, त्याला खाली पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), वर इंजिन, गिअरबॉक्स, आणि रबरच्या माउंटवर बोल्टने बसवलेली बॉडी. पत्रा सडला तर पत्रा बदलता येतो, त्याचं एवढं काही नाही.

कोल्हापूरला जायच्या आधी तीन मतं घेतली होती. एकाने खाली न वाकताच सांगितलं, "चेसी गेली हा तुझी, इक आणि मोकळो हो." दुसऱ्या एका गॅरेजने, नाव नको, १८ हजारात "वरून प्लेटा मारतो, काळं कोटिंग करतो, नवी करून देतो" अशी ऑफर दिली. तिसरे पुण्याचे रिस्टोरेशनवाले, त्यांनी मोबाईलवरचे फोटो बघून सव्वातीन लाख सांगितले, त्यात रंग, हूड, सीट सगळं, जे मी मागितलंच नव्हतं. तिघांनी तीन टोकं सांगितली आणि तिघांपैकी एकानेही चेसीला हातोडी लावली नव्हती. मग चुलतभाऊ म्हणाला की कोल्हापूरला विचार, फाउंड्रीचं आणि लेथचं गाव आहे, लोखंडाला हात लावायला ती माणसं घाबरत नाहीत.

गेलो फोंडा घाटाने, दाजीपूर, राधानगरी करत, सावकाश, ब्रेक जपून. ब्रेक का जपून ते पुढे येईल.

वर्कशॉप बघून पहिल्यांदा इम्प्रेस वगैरे काही होत नाही, हे आधीच सांगतो. पत्र्याची शेड, बाहेर दोन महिंद्रा जीपचे सांगाडे, आत एक ट्रॅक्स, आणि एक अर्धी उघडलेली आर्मी डिस्पोजल जिप्सी. रॅम्प नाही, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) चढवतात. मिस्त्री साठीचे असतील, शर्टाच्या खिशात खडू आणि सहा इंची पट्टी. मी रेट विचारला तर म्हणाले, "आदी धुवून आणा की साहेब, चिखलाचा काय रेट सांगू?" मग शेजारच्या वॉशिंग सेंटरला खालून प्रेशर मारून आणली, पाणी नितळू दिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला घेतली. फक्त बघायचे १,५०० रुपये, काम दिलं तर बिलातून वजा. माझ्या मते ह्या सगळ्या प्रकरणात सगळ्यात वसूल झालेले पैसे हेच.

बघणं म्हणजे कसं ते सविस्तर लिहितो कारण हे तुम्ही घरीही करू शकता. एक छोटी हातोडी, साधारण पाव किलोची, आणि एक जुना दणकट स्क्रूड्रायव्हर. पुढच्या बंपरपासून सुरू करून दोन-दोन इंचावर ठोकत मागे जायचं, बीमच्या तिन्ही बाजूंनी, खालून जास्त. चांगल्या लोखंडाचा आवाज मोकळा येतो, टण्ण, आणि जिथे आतून खाल्लंय तिथे तो एकदम बसतो, थप्प. पाच मिनिटांत माझ्याही कानाला फरक कळायला लागला. जिथे आवाज बसला तिथे खडूने गोल करायचा आणि मग स्क्रूड्रायव्हर टेकवून जोर द्यायचा. डाव्या मागच्या चाकाच्या वर, जिथे बीम वर वळून अ‍ॅक्सलवरून जातो ना, तिथे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना त्याच्यासोबत तांबडी माती आणि पापुद्रे भसाभस खाली आले. वरून रंग शाबूत होता हो! नुसत्या डोळ्यांनी बघणाऱ्याला ती जागा चांगलीच वाटली असती. मग त्यांनी मोबाईलला लावायचा छोटा केबल कॅमेरा बीमच्या भोकातून आत घातला (हजार-दीड हजारात ऑनलाइन मिळतो), आत सुकलेला चिखल भरलेला, आंब्याचा वाळलेला मोहोर, आणि पाणी बाहेर पडायची जी भोकं कंपनीने ठेवलेली असतात ती सगळी बुजलेली. आपल्याकडची जांभ्याची माती चिकट, ती आत जाऊन बसते, तिला हवेतलं मीठ मिळतं, मीठ दमट हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे पाऊस संपला तरी आत ओल राहतेच. गंज बाहेरून आत जातो असं आपल्याला वाटतं, बॉक्स चेसीत, म्हणजे बीम आतून पोकळ असतात तिथे, तो आतून बाहेर येतो. आणि लोखंडापेक्षा गंज जागा जास्त घेतो, म्हणून दोन पत्रे एकावर एक जोडलेत तिथे मध्ये गंज फुगून पत्रे उलतात, हेही त्यांनी एका माउंटपाशी दाखवलं.

दुपारपर्यंत चेसीवर खडूचे गोल झाले. मागचे शॅकल (पाट्याचं टोक चेसीला जोडणारे दुवे) जिथे बसतात ते दोन्ही ब्रॅकेट, डाव्या बीमचा दीडेक फुटाचा तुकडा, मागचा क्रॉस मेंबर पूर्ण, आणि बॉडी माउंटचे दोन हात. पुढे स्टिअरिंग बॉक्सची जागा, पुढच्या पाट्यांच्या जागा, मधले क्रॉस मेंबर सगळं टण्ण. आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय.

मी विचारलं, किती टक्के गेलीय? तर टक्के त्यांना मान्यच नाहीत. त्यांचा हिशोब जागेचा. सरळ बीमवर हातभर सडलं तरी ते कापून नवं घालता येतं, कारण दोन्ही बाजूला धरायला चांगलं लोखंड असतं. पण स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्ट होतो तिथे नुसतं तळहाताएवढं जरी खाल्लं असलं तरी ते विचार करतात, कारण तिथे सगळा झटका येतो आणि माप जरा हललं तर गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. दोन्ही बीम एकाच रेषेत, समोरासमोर सडले असतील, तेही गाडीच्या मध्यावर, तर सरळ नाही म्हणतात. तिसरं, चेसी नंबर. माझ्या गाडीत तो उजव्या बीमवर पुढे ठोकलेला आहे, तिथे गंज असेल तर ते कटर-ग्राइंडर काहीच लावत नाहीत, कारण पासिंगला त्या नंबरची पेन्सिलने छाप घेतात, तो नंबर पुसट झाला किंवा त्याच्या आजूबाजूला नवं वेल्डिंग दिसलं की गाडी चोरीची का इथपासून सुरुवात होते. कोणी "दुसरी चेसी टाकून देतो, नंबर मारून देतो" म्हणालं तर तिथून पळा, तो सरळ गुन्हा आहे. चेसी बदलायचीच तर आधी आरटीओची परवानगी, आरसीवर नोंद, सगळं रीतसर, आणि जिप्सीच्या बाबतीत कागदपत्रांसकट चेसी मिळणं हीच मारामार.

माझी गाडी त्यांच्या हिशोबात "करण्यासारखी हाय" ह्यात बसली. आणि त्याच दिवशी माझ्यासमोर एका सावंतवाडीच्या माणसाला त्यांनी नाही सांगितलं, त्याची जीप रंगाने माझ्यापेक्षा दहापट देखणी होती पण मध्यावर दोन्ही बाजूंनी गेलेली. तो माणूस पैसे द्यायला तयार होता. हे बघून माझा विश्वास बसला, कारण हातात आलेलं काम परत पाठवणारं दुकान मी तरी फार बघितलेलं नाही.

१८ हजारवाल्या प्लेटांबद्दल मी मुद्दाम विचारलं. "वरनं प्लेट मारली तर गंजाला झाकण घातल्यागत हुतंय," असं उत्तर आलं. म्हणजे खालचं सडलेलं लोखंड तसंच, त्याच्यावर प्लेट, मधल्या फटीत पाणी शिरणार आणि तिथेच राहणार, वर काळं डांबरी कोटिंग म्हणजे ते पाणी वाळायचा मार्गही बंद. शिवाय वेल्डिंग कशाला धरणार? पातळ झालेल्या कडेला रॉडचं वेल्डिंग लावलं की भोक पडतं, मग ते भोक भरायला अजून मटेरियल, असं करत वर फोडांसारखी रांग उठते, दिसायला भक्कम आणि आतून पोकळ. दोन पावसाळे काढेल, विकायला काढलेल्या गाडीला तेवढे पुरतात, आणि अशाच गाड्यांच्या जाहिरातीत "अंडरबॉडी फुल न्यू" लिहिलेलं असतं. जुनी जीप घेताना खालून ताजा चकचकीत काळा रंग दिसला तर मी तरी आता हातोडी काढल्याशिवाय पुढे बोलणार नाही. २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला होता, त्याआधी २०१९ ला सांगली-कोल्हापूरला, अशा पुरात बुडालेल्या गाड्यांच्या बीममध्ये गाळ राहून जातो आणि तो वरून कितीही पॉलिश केली तरी तिथेच असतो, हे घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्ष काम. पहिली गोष्ट त्यांनी कापली नाही, मोजली. चेसीवर कंपनीची काही ठराविक भोकं असतात, त्यातून ओळंबा खाली सोडून फरशीवर खडूने खुणा केल्या, मग टेपने तिरकी मापं, उजवा पुढचा ते डावा मागचा, डावा पुढचा ते उजवा मागचा. चार एमएमचा फरक निघाला, म्हणाले वीस वर्षांच्या गाडीला हे काहीच नाही. ह्या खुणा काम संपेपर्यंत पुसायच्या नाहीत म्हणून त्यावर पोती टाकून ठेवली होती. कापायच्या आधी दोन्ही बीमना मध्ये तात्पुरते अँगल टाचून घेतले, म्हणजे तुकडा काढल्यावर चेसी हलणार नाही. पेट्रोलची टाकी उतरवली (ही न उतरवता वेल्डिंग करणारे लोक आहेत, खरंच आहेत), बॅटरी काढली, इंजिनचा ईसीयू (त्याचा छोटा कंप्युटर) सोडवून बाजूला ठेवला.

सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून काढला. मी दीड फूट समजत होतो, निघाला त्याहून जास्त, कारण कडेचं लोखंड कॅलिपरने मोजलं तर पातळ निघत गेलं, आणि पातळ लोखंडाला वेल्डिंग करून उपयोग नाही हा त्यांचा हट्ट. ह्या जादा कामाचे पैसे वाढवण्याआधी फोन करून विचारलं, हे आवडलं. नवा तुकडा मूळ जाडीच्याच पत्र्याचा, बेंडिंग मशीनवर वाकवून, शेजारच्या गल्लीतून. मी म्हटलं जाड घाला ना, मजबूत होईल, तर म्हणाले तसं नसतं, एकाच ठिकाणी फार ताठ केलं की गाडी पिळते तेव्हा सगळा ताण त्या जाड तुकड्याच्या कडेला जातो आणि तिथून चीर जाते. जोडही सरळ उभा नाही, तिरका घेतला, आतून एक पट्टी देऊन. वेल्डिंग सीओटूचं (रॉडऐवजी तार आणि गॅस वापरून करतात ते), थोडं इकडे थोडं तिकडे, एका दमात ओढत नेत नाहीत, तापून वाकायला नको म्हणून. बीमच्या वरच्या-खालच्या कडांवर आडवी वेल्डिंगची रेघ शक्यतो येऊ द्यायची नाही, हेही त्यांनी पाळलं. शेवटी ओळंबा परत सोडला. फरक पुन्हा तेवढाच, चार.

चेसी साफ करायला शेजारच्या फाउंड्रीवाल्यांकडची ब्लास्टिंगची (जोराने बारीक कण मारून गंज उडवायची) सोय वापरली, कास्टिंग साफ करायला जी लागते तीच. हा कोल्हापूरचा फायदा, आमच्याकडे ह्यासाठी वायर ब्रश आणि पोलिश पेपर घेऊन दोन पोरं बसवावी लागतात. एक लक्षात ठेवा, ब्लास्टिंग चेसीला चालतं, बॉडीच्या पातळ पत्र्याला जोरात मारलं तर पत्रा लाटा मारतो. ब्लास्टिंग झालेलं उघडं लोखंड दमट हवेत काही तासांत पिवळं पडायला लागतं, त्यामुळे प्रायमर त्याच दिवशी. इपॉक्सी प्रायमर, वर पीयू रंग. रेडऑक्साइड का नाही विचारलं तर म्हणाले गेटला लावा. मुद्दा बरोबर आहे, नुसतं रेडऑक्साइड पाणी अडवत नाही, वर चांगला रंग नसेल तर समुद्राकाठी त्याचा एका पावसाळ्यात निकाल लागतो.

पण खरं महत्त्वाचं बीमच्या आतलं. वेल्डिंग करताना आतून रंग जळतो, तिथे ब्रश पोचत नाही, आणि गंज तर आतूनच येतो. त्यासाठी कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत मारायचं पातळ मेण, लांब पाइपला चहूबाजूंनी फवारणारं नोझल लावून कंपनीच्या भोकांतून आत मारायचं, मग भोकं तारेने मोकळी करायची. हे त्यांच्याकडे नव्हतं, मी स्वतः ऑनलाइन मागवून नेलं, आणि मारायला मिस्त्रींचा पोरगा तयार झाला. उन्हात गाडी उभी राहिली की पहिले काही दिवस खाली मेणाचे थेंब पडतात, घाबरू नका. आमच्याकडे वर्षानुवर्षं जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून खालून फवारायची पद्धत आहे, गंज अडवायला ते काम करतं हे नाकारत नाही, पण ते बुश आणि रबरं खातं, ब्रेकच्या ड्रमजवळ उडालं तर वांधे, आणि विहिरीजवळ गाडी उभी करत असाल तर ते ऑइल कुठे जातं हेही बघा. बाजारात रस्ट कन्व्हर्टर मिळतात, गंजावर लावलं की काळं होतं ते, वरवरच्या गंजाला ठीक, पण पापुद्रे सुटलेल्या चेसीला ते लावून दुरुस्ती केली असं समजणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

आणि ब्रेक. चेसीच्या कडेने ब्रेकचा लोखंडी पाइप जातो, तो क्लिपांच्या खाली इतका खाल्लेला होता की हाताने दाबला तर ओला झाला. लोक चेसीच्या भोकाकडे बघत बसतात, गाडी आधी ह्या पाइपने दगा देते. दोन्ही बाजूंचे नवे टाकले. तुमची गाडी समुद्राकाठची असेल तर चेसीचा निर्णय लांबवलात तरी हा पाइप ह्या आठवड्यात बघून घ्या.

बिल. चेसीचं काम, ब्लास्टिंग, रंग धरून ६८ हजार. बुश, बॉडी माउंटचे रबर, ब्रेक पाइप, यू-बोल्ट, नट-बोल्ट हे वेगळे १७ हजाराच्या आसपास. म्हणजे ८५. सव्वातीन लाखापेक्षा कमी आणि १८ हजाराच्या जवळजवळ पाचपट. गाडीची किंमत आणि खर्च असा हिशोब केला तर परवडतं, पण मी तो हिशोब दुसऱ्या बाजूनेही केला, की हीच गाडी डिझेल बोलेरो असती, बाजारात ढिगाने मिळणारी, तर मी एवढे घातले असते का? बहुतेक नाही. शॅकलचे ब्रॅकेट करून घेतले असते आणि पुढची बरी गाडी शोधली असती. आणि अल्टो, स्विफ्ट, ओम्नी अशा गाड्यांना वेगळी चेसीच नसते, तिथे पत्राच सगळा भार घेतो, सिल (दरवाज्याखालची पट्टी) किंवा सस्पेन्शनचा टॉवर सडला तर कोणी कितीही स्वस्तात सांगू दे, मी तरी स्क्रॅपच करेन. आता रीतसर स्क्रॅप सेंटरला दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते, भंगारवाल्याला देण्यापेक्षा ते बरं.

बाय द वे, हे फक्त आपल्याकडचं दुखणं आहे असं नाही. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा, सिकोया ह्या गाड्यांच्या चेसी गंजल्या म्हणून २०१६ मध्ये १५ लाखाच्या आसपास गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड झाली, लोकांना गंजलेल्या चेसी बदलून देण्याची. आपल्याला असलं कोण देणार, आपला ओळंबा आणि खडू बरा.

आता तक्रारी, कारण चारच स्टार दिलेत. सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट लागला. मधे फोन उचलत नाहीत, मेसेज बघतात पण उत्तर देत नाहीत, फोटो मागितल्याशिवाय येत नाहीत. गाडी कधी मिळणार हे विचारलं की "हुतंय हुतंय". तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातून येणार असाल तर हा मनस्ताप धरूनच या. दुसरं, मागच्या लाइटची वायरिंग चेसीवरून जाते ती काढताना तोडली आणि परत जोडताना नुसती टेप गुंडाळली, देवगडला आल्यावर मी सोल्डर करून स्लीव्ह घातलं. बॉडी माउंटच्या बोल्टवरही रंग मारून ठेवला, पुढे कधी खोलायचे झाले तर शिव्या घालणार आहे. पक्कं बिल मागितल्यावर जरा चेहरे झाले पण दिलं, ते मागाच, काय काय केलं ते त्यावर लिहून घ्या, कापायच्या आधीचे आणि नंतरचे फोटोही ठेवा, पासिंगला विचारलं तर दाखवता येतात. लेखी गॅरंटी काही देत नाहीत, "वेल्डिंग तुटलं तर आणा" एवढंच.

चालवायला कशी? घाट उतरतानाच फरक कळला. आधी मागून खड्ड्यात एक ठक्क असा आवाज यायचा, मी तो पाट्यांचा समजत होतो, तो गेला. पेट्या भरून बागेच्या चढावर गाडी मागे जी एका बाजूला बसायची ती सरळ बसते. डावा दरवाजा वर उचलून लावावा लागायचा, तो आता साधा लोटला तरी लागतो, हे मात्र अपेक्षित नव्हतं, बॉडी माउंट गेले की दरवाज्यांच्या फटी बिघडतात हे नंतर कळलं.

मागच्या सीटखालचा फ्लोअर अजून करायचा राहिलाय, दोन भोकं आहेत, मिस्त्री म्हणाले ते पत्र्याचं काम आहे, गावातला डेंटर करेल, त्यासाठी घाट चढू नका. ते दिवाळीनंतर करेन, पावसात पत्र्याला आणि रंगाला हात लावायचा नाही हे त्यांनी बजावून सांगितलंय. जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीमध्ये जा, मार्चनंतर त्यांच्याकडे ट्रॅक्टर ट्रॉल्यांची गर्दी होते, सोमवारी बंद असतं, आणि गाडी धुवून न्या, नाहीतर तेच वाक्य तुम्हालाही ऐकायला मिळेल.